पदवी मोलाची, पण कोणत्या किमतीला?

मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली परीक्षा १८६२ साली झाली आणि चार जण उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. इंग्रजी राजवटीला शिकलेली माणसं हवी होती आणि ती बोटांवर मोजण्याइतकी होती. पदवी मिळाली की नोकरी, मान आणि घराण्याची पुढची वाट हे सगळंच तिच्यासोबत येई. त्यानंतर वीस वर्षांनी, १८८२ साली, जोतीराव फुले यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन सादर केलं आणि वेगळा प्रश्न मांडला. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून जमतो, तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेच्या मुलांना साधी प्राथमिक शाळा मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पदवीतून काय मिळतं आणि तिची किंमत कोण मोजतं, हे दोन प्रश्न तेव्हापासून आपल्यासोबत आहेत. आज दोन्हींची उत्तरं बदलली आहेत. देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या २०२१-२२ मध्ये ४ कोटी ३३ लाखांवर गेली होती. महाराष्ट्रात १८ ते २३ या वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास आहे. पदवी आता दुर्मीळ नाही, आणि तिचा मोठा खर्च मुलाच्या घरावर आहे. एकीकडे ‘पदवीला काही अर्थ उरला नाही’ असं ऐकू येतं, तर दुसरीकडे ‘काहीही करून मुलाला इंजिनीअर करायचंच’ म्हणून जमीन गहाण पडते. दोन्ही टोकांना एकच गोष्ट सुटते, ती म्हणजे हिशेब. पदवी मोलाची आहे, पण वाटेल त्या किमतीला ती मोलाची राहत नाही.

किंमत घराकडे कशी आली

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर या कथेत १९८३ हे वर्ष महत्त्वाचं आहे. त्याआधी अभियांत्रिकीच्या जागा मोजक्या होत्या. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशा संस्थांच्या पलीकडे फारसं काही नव्हतं, आणि ज्यांच्याकडे पैसे होते ते कॅपिटेशन, म्हणजे प्रवेशासाठीची देणगी, भरून शेजारच्या कर्नाटकात शिकायला जात. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. सरकार मान्यता देणार, पण पैसा देणार नाही. संस्था फीमधून चालणार, असं ते सूत्र होतं.

या निर्णयाने खूप काही दिलं, हे मान्य करायलाच हवं. ज्या तालुक्यांत पूर्वी पदवीधर शोधावा लागे, तिथून इंजिनीअर बाहेर पडले. पुण्याच्या आयटी आणि वाहन उद्योगात पुढे जी मराठी मुलं-मुली दिसू लागली, त्यांतली कितीतरी याच महाविद्यालयांतली आहेत. पण त्याच निर्णयाने शिक्षणाची किंमत सरकारी तिजोरीतून काढून पालकांच्या खिशावर ठेवली. देणगीच्या नावाखाली होणारी लूट इतकी वाढली, की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यापासून २००२ च्या टी.एम.ए. पै आणि २००५ च्या इनामदार निकालापर्यंत हाच गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला. संस्थेला विकासापुरती वाजवी शिल्लक ठेवता येईल, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन चालणार नाही, ही रेषा त्यातून आखली गेली. आज महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयाची फी ठरवतं. ती ठरते संस्थेच्या खर्चावरून. त्या फीतून विद्यार्थ्याला पुढे किती कमाई होणार, याचा त्या आकड्याशी संबंध नसतो. ते मोजायचं काम पालकाचं.

फीच्या पलीकडचा खर्च

प्रवेशाच्या दिवशी पालकांच्या डोळ्यांसमोर एकच आकडा असतो: वर्षाची फी. खरी किंमत तीन भागांची असते. पहिला भाग म्हणजे फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं आणि लॅपटॉप. दुसरा भाग म्हणजे त्या वर्षांत मुलगा काम करून जे कमावू शकला असता ते. तिसरा भाग कर्जावरचं व्याज.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यात आपले घालावेत. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात वर्षाची फी १ लाख १० हजार आणि बाहेरगावी राहण्याचा खर्च ९० हजार धरला, तर चार वर्षांचे ८ लाख झाले. त्यातले २ लाख घरातून आणि दर वर्षी दीड लाख याप्रमाणे ६ लाख शैक्षणिक कर्जातून आले. व्याजदर साडेदहा टक्के आहे. शिकण्याच्या काळात आणि त्यानंतरच्या सवलतीच्या एका वर्षात हप्ता नसतो, पण साधं व्याज चढत राहतं. पाचव्या वर्षाच्या शेवटी ते २ लाख २० हजार होतं आणि कर्जाचा आकडा ८ लाख २० हजारांवर जातो. पुढे दहा वर्षांत फेडायचं म्हटलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे ११ हजार रुपये. घेतले ६ लाख, फेडायचे १३ लाख २९ हजार.

आता बारावीनंतर लगेच महिना १२ हजारांचं काम मिळालं असतं असं धरू. चार वर्षांची ती कमाई ५ लाख ७६ हजार होते. घरातले २ लाख, बँकेचे १३ लाख २९ हजार आणि बुडालेली कमाई मिळून त्या पदवीची किंमत २१ लाखांच्या घरात जाते. माहितीपत्रकात हा आकडा कुठेही नसतो.

पगारवाढ आणि महागाई बाजूला ठेवली, तरी पुढचं गणित सोपं आहे. पदवीमुळे महिन्याला २५ हजार जास्त मिळाले, तर हे २१ लाख सात वर्षांत वसूल होतात. १० हजार जास्त मिळाले, तर साडेसतरा वर्षं लागतात. फरक ३ हजारांचाच पडला, तर आख्खी नोकरी संपली तरी ते वसूल होत नाहीत. याउलट तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात घरी राहून बी.एस्सी. केलं, तीन वर्षांची फी ३० हजार झाली आणि बुडालेली कमाई ४ लाख ३२ हजार धरली, तर महिन्याला ५ हजारांच्या फरकानेही आठ वर्षांच्या आत पैसे सुटतात. मोठं नाव असलेली शाखा फायद्याची आणि साधी पदवी वाया, हा समज त्यामुळे नेहमी खरा ठरत नाही.

बेरोजगारीचे आकडे काय सांगतात

‘शिकलेलेच जास्त बेरोजगार’ हे वाक्य आता म्हणीसारखं झालं आहे, आणि त्याला आधारही आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय रोजगार अहवालानुसार २०२२ साली तरुण पदवीधरांत बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती ३.४ टक्के होती. हे आकडे वाचून शिकण्यावरचा विश्वास उडावा असंच कोणालाही वाटेल.

पण बेरोजगार कोणाला म्हणतात, हे आधी पाहावं लागतं. काम शोधतोय आणि मिळत नाही, तो बेरोजगार. ज्याच्या घरी आज चूल पेटायची आहे, त्याला शोधत बसणं परवडत नाही. तो मिळेल त्या मजुरीला जातो आणि आकडेवारीत ‘रोजगार असलेला’ ठरतो. पदवीधर थांबतो, कारण काही काळ थांबण्याची सोय त्याच्या घराने केलेली असते आणि पुढे बरं काम मिळेल ही आशा असते. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात हे स्पष्ट दिसतं. पंचवीस वर्षांखालील पदवीधरांत बेरोजगारी ४२ टक्क्यांहून जास्त होती. पस्तिशीच्या पुढे ती पाच टक्क्यांच्या खाली आली. म्हणजे बहुतेकांना शेवटी काम मिळतं. ते मनासारखं असतं का, पदवीच्या तोलाचं असतं का, हा प्रश्न उरतोच. आणि मधली जी वर्षं थांबण्यात जातात, ती पदवीच्या किमतीत धरावी लागतात.

महाराष्ट्रात ही वर्षं कशी जातात, हे पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत दिसतं. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्या पदाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. २०२४ च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर गेले. शिपाईपदाला बारावी पुरते, तरी त्या रांगेत पदवीधर आणि इंजिनीअरही होते. ही मुलं आळशी नाहीत. पदवीने त्यांना परीक्षेला बसण्याचा अधिकार दिला, पण त्या प्रमाणात बरी कामं बाजारात आली नाहीत, ही त्यांची अडचण आहे.

पदवीला पगार का मिळतो

अर्थशास्त्रात याची दोन उत्तरं आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या ‘ह्यूमन कॅपिटल’ या ग्रंथात मांडलं, की शिक्षण म्हणजे माणसात केलेली गुंतवणूक. शिकल्याने कौशल्य वाढतं, काम चांगलं होतं, म्हणून पगार वाढतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरी बाजू दाखवली. मालकाला उमेदवाराच्या आतलं काही दिसत नाही. कठीण प्रवेश मिळवून, चार वर्षं टिकून, परीक्षा पार केल्याचा दाखला त्याच्यासाठी खूण ठरतो. सराफाकडच्या दागिन्यावर हॉलमार्क असतो, तसंच हे आहे: शिक्का सोन्यात भर घालत नाही, सोनं खरं आहे एवढंच सांगतो. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पालकांनी हा फरक समजून घेणं गरजेचं आहे. एखाद्या महाविद्यालयात प्रयोगशाळा चालू आहेत, शिक्षक पूर्णवेळ आहेत, मुलं खरंच काही बनवायला शिकतात, तर तिथे कौशल्य मिळतं. एखाद्या महाविद्यालयाचा प्रवेशच इतका अवघड, की नावामुळे दार उघडतं, तर तिथे खूण मिळते. आयआयटीत दोन्ही मिळतं. शिवाय तिथल्या वर्षाच्या २ लाख शिक्षण शुल्कात अनुसूचित जाती-जमातींच्या, दिव्यांग आणि गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांना माफी किंवा मोठी सवलत आहे. पण जिथे अर्ध्या जागा रिकाम्या राहतात, शिक्षक दर सहा महिन्यांनी बदलतात आणि प्रयोगाच्या वह्या एकमेकांच्या बघून भरल्या जातात, तिथे कौशल्यही नाही आणि खूणही नाही. तिथे उरतो फक्त कागद, आणि तोच कर्ज काढून विकत घेतला जातो.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रोनाल्ड डोर यांनी १९७६ मध्ये ‘डिप्लोमा डिसीज’ या पुस्तकात आणखी एक धोका सांगितला होता. पदवीधर वाढले, की मालक त्याच कामाला वरची पदवी मागू लागतात. मग सगळ्यांना आणखी शिकावं लागतं आणि काम मात्र तेच राहतं. आपल्याकडे त्याचं सर्वांत दुखरं उदाहरण महाविद्यालयांतच आहे. नेट-सेट आणि पीएच.डी. झालेले अनेक जण तासिका तत्त्वावर, सीएचबीवर, वर्षानुवर्षं शिकवत आहेत आणि मंजूर पदं रिकामी आहेत. शिक्षकालाच उद्याचा भरवसा नसेल, तर त्याच्या वर्गातल्या पदवीची गुणवत्ता कशी टिकेल?

महाविद्यालय पारखताना

जाहिरातीच्या फलकावर सर्वांत मोठं पॅकेज असतं. ते एकाच विद्यार्थ्याचं असतं. सरासरी पगारही फसवू शकतो. दहा मुलांपैकी नऊ जणांना साडेतीन लाखांचं पॅकेज मिळालं आणि एकाला ४० लाखांचं, तर सरासरी ७ लाख १५ हजार येते, पण त्या रकमेच्या जवळपासही दहांतला कोणी नसतो. म्हणून मधला पगार विचारावा: सगळे पगार क्रमाने लावले, तर बरोबर मध्ये कोणता येतो? इथे तो साडेतीन लाख आहे.

हा आकडा मिळवण्याची एक सोय आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्था जी माहिती भरतात, ती त्यांना आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. किती जागा होत्या, किती विद्यार्थी आले, किती ठरलेल्या वेळेत पास झाले, किती जणांना नोकरी मिळाली, किती उच्च शिक्षणाला गेले आणि नोकरी मिळालेल्यांचा मधला पगार किती, हे सगळं त्यात असतं. क्रमवारीत नंबर शंभराबाहेर असला, तरी ही पानं वाचण्यासारखी असतात. कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ त्यांना द्यावी.

वेळेत पास होणाऱ्यांचा आकडा तर विशेष पाहावा. पदवीचा मोबदला ती पूर्ण केल्यावरच मिळतो. वायडी लागून वर्ष वाया गेलं, बॅकलॉग साचले, तिसऱ्या वर्षी कॉलेज सुटलं, तर खर्च बहुतेक सगळा झालेला असतो आणि हातात काहीच नसतं. गणिताची धास्ती असलेल्या मुलाला केवळ नातेवाइकांत नाव व्हावं म्हणून कॉम्प्युटरला घालणं हा म्हणूनच सर्वांत महाग निर्णय ठरतो. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची तरतूद आहे. पण बाजार त्या कागदांना किती मानतो, यावरच तिचा उपयोग ठरेल.

स्वस्त वाटा कमी दर्जाच्या नसतात

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकी, हा रस्ता अजूनही अनेक घरांना कमीपणाचा वाटतो. हिशेब मात्र त्याच्या बाजूने आहे. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार मिळून सहा वर्षं होतात. डिप्लोमाची तीन आणि पदवीची तीन मिळूनही सहाच. फरक एवढाच, की दुसऱ्या वाटेवर तीन वर्षांनी हातात एक पूर्ण पात्रता असते आणि पदवीच्या एका वर्षाची फी वाचते. घरची अडचण आली, तर तिथे थांबून कामाला लागता येतं.

शिकता शिकता कमावण्याची वाट तर महाराष्ट्रानेच घालून दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व गरिबाच्या मुलापर्यंत नेलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घर आणि काम सांभाळणाऱ्यांना पदवी देतं, आणि ती पदवी स्पर्धा परीक्षांना चालते.

सरकारी मदतीच्या योजनाही आहेत, आणि त्या माहीत नसल्याने अनेक घरं नको तेवढं कर्ज काढतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्म्या शिक्षण शुल्काची भरपाई होते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र त्यासाठी प्रवेश कॅपमधून हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमधल्या पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते. कर्ज घ्यावंच लागलं, तर शिकण्याच्या काळातलं आणि सवलतीच्या वर्षातलं व्याज दर महिन्याला भरत राहावं. वरच्या उदाहरणात एवढ्यानेच १ लाख ३६ हजार रुपये वाचतात.

पैशात न मोजता येणारं

पदवीची किंमत फक्त पगारात मोजली, तर मोठा अन्याय होईल. ज्या घरात आजीला सही करता येत नव्हती, त्या घरातली मुलगी बी.ए. होते, तेव्हा तिचं लग्न चार वर्षं पुढे जातं, ती बँकेत स्वतःचं खातं चालवते, दवाखान्यात डॉक्टरांना प्रश्न विचारते आणि आपल्या मुलांचा अभ्यास घेते. जातीमुळे ज्यांना वर्गाबाहेर बसवलं गेलं, त्यांच्यासाठी पदवी हा माणूस म्हणून उभं राहण्याचा पुरावा होता आणि आजही आहे. ‘पदवीची गरज नाही, धंदा करा’ हा सल्ला बहुतेक वेळा तेच देतात, ज्यांच्या घरी धंद्याला लागणारं भांडवल, दुकान किंवा ओळखी आधीपासून आहेत. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याच्यासाठी पदवी अजूनही सर्वांत भरवशाची शिडी आहे.

आणि म्हणूनच तिची किंमत आवाक्यात राहणं हा सार्वजनिक प्रश्न आहे. अनुदानित महाविद्यालयांतली रिकामी पदं भरणं, सरकारी पॉलिटेक्निक आणि आयटीआय सुधारणं, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर देणं, ही सरकारची कामं आहेत आणि ती हक्काने मागितली पाहिजेत.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: मुलाला नक्की शिकवा, मुलीला तर शिकवाच. पण फी भरण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढा. चारही वर्षांचा व्याजासकट खर्च किती? या महाविद्यालयातून या शाखेचे किती जण वेळेत पास झाले आणि त्यांचा मधला पगार किती? कर्जाचा हप्ता त्या पगाराच्या चौथ्या हिश्श्यात बसतो का? बसत असेल तर निर्धास्त प्रवेश घ्या. बसत नसेल, तर तीच पदवी कमी खर्चात देणारी जागा शोधा. जमीन गहाण ठेवू नका.